पिंजऱ्यातील निर्बीजीकरण

गोव्यात निर्बीजीकरणाची चर्चा भटक्या कुत्र्यांभोवतीच फिरते. घरोघरी पाळले जाणारे हॅमस्टर व गिनीपिग तिच्या परिघाबाहेर राहतात. सोनेरी हॅमस्टरचा गर्भकाळ जेमतेम १६ दिवसांचा, तर गिनीपिगची मादी प्रसूतीनंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. नर-मादीची जोडी घरी आणली, की पिंजरा अपुरा पडणार हे ठरलेलेच. शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. परंतु एवढ्याशा जिवाला भूल देणे जोखमीचे असते आणि खच्ची केलेल्या नरालाही काही आठवडे मादीपासून दूर ठेवावे लागते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांच्या कक्षेत हे प्राणी येतात. तेव्हा नर-मादी अचूक ओळखून वेगवेगळे विकणे, हे विक्रेत्याचे पहिले कर्तव्य मानले जावे. दुकानातील हलगर्जीची किंमत मुक्या जिवाने शस्त्रक्रियेच्या मेजावर का मोजावी?