पट्ट्याची ढाल

उंचावरून पडून कामगार मेला की मालकपक्षाचे निवेदन ठरलेले असते : 'मृताने सुरक्षा-पट्टा बांधला नव्हता.' प्रेत अजून शवागारातच असते आणि गुन्हेगार मात्र निश्चित झालेला असतो. पुलांखाली, गोदामांच्या पोलादी छतांशी, दिव्यांच्या खांबांशी बूम लिफ्टच्या पिंजऱ्यात उभे राहून राबणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर ही सबब विशेष सोयीची ठरली आहे.

या यंत्रावर माणूस मरतो तरी कसा? चाक खड्ड्यात गेले, की खालचा हादरा साठ फुटांवर गोफणीसारखा पोचतो आणि पिंजऱ्यातील माणूस बाहेर फेकला जातो. येथे पिंजऱ्याला अडकवलेला पट्टा प्राण वाचवतो, हे निर्विवाद. परंतु भुसभुशीत भरावावर उभे केलेले यंत्रच उलटले, तर तोच पट्टा माणसाला पिंजऱ्यासह जमिनीवर आणतो. पिंजरा वर चढताना कठडा आणि वरची तुळई यांच्यामध्ये छाती चिरडली जाते. तेथे पट्टा काय करणार? उच्चदाबाच्या तारेला तर स्पर्शही व्हावा लागत नाही. जमीन तपासणे, तारेतील वीज बंद करून घेणे, शिकलेला चालक नेमणे, वरचा माणूस अडकल्यास पिंजरा खालून उतरवणारा कोणी हजर ठेवणे, ही सारी कामे मालकाची. त्यांना पैसा पडतो, वेळ पडतो. आणि भाड्याच्या यंत्राचे भाडे तर दिवसावर चढत असते! पट्टा त्या मानाने स्वस्त, आणि तो न बांधल्याचा दोष फुकट.

कायदा या सबबीला भुलत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने, तोही परकीय सरकारचा, मृत्यू झाल्यास कामगाराने सुरक्षा-साधन जाणूनबुजून झुगारल्याचे कारण भरपाई नाकारण्यास पुरेसे मानले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच तत्त्व आहे. यंत्र एकाचे, चालक दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याचा, ही कंत्राटांची उतरंडही तेथे ढाल होत नाही. मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते.

मग 'पट्टा नव्हता' हे वाक्य कोणासाठी? ते मृताच्या विधवेसाठी असते. आपल्याच माणसाची चूक, असे तिच्या मनावर एकदा बिंबवले, की हाती ठेवलेल्या चार नोटांच्या बदल्यात ती कागदावर अंगठा उठवते. वस्तुतः मृत्यूच्या प्रकरणी भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर उरकलेला व्यवहार भरपाई ठरत नाही. हे तिला सांगणारा कार्यकर्ता मुकादमाच्या आधी तिच्या दारी पोचला पाहिजे. आणि दुसऱ्याने त्याच संध्याकाळी कामाच्या जागी जाऊन चाकाखालची जमीन, तारेचे अंतर आणि यंत्राचा क्रमांक यांची छायाचित्रे घेतली पाहिजेत. कारण भाड्याचे यंत्र रातोरात दुसऱ्या गावी जाते.