याद्या आणि दुभाषी

लग्न ठरले, की घरातील जाणती माणसे कागद-पेन्सिल घेऊन याद्या करावयास बसतात. हॉलचे भाडे कोणाकडे, मानपान कोणाचा, जेवणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे सारे आधी लिहून त्यावर सह्या झाल्या म्हणजे ऐन मांडवात कोणी कोणाला विचारीत बसत नाही. संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम चढविणाऱ्या मंडळींनी हीच युक्ती फार पूर्वी उचलली आहे.

एकच यंत्र असेल, तर त्याच्यासमोर बसून भाषा कोणती, वेळ कोठली, डिस्कचे भाग किती, या प्रश्नांना उत्तरे देणे काही जड नाही. परंतु शाळेच्या खोलीत चाळीस यंत्रे मांडलेली असली, म्हणजे तीच उत्तरे चाळीस वेळा! माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस सतराव्या यंत्राला हमखास भलतेच उत्तर देतो. म्हणून उत्तरांची याद आधीच लिहून ठेवावयाची. विंडोजमध्ये या यादीस ‘अनअटेंड’ फाइल म्हणतात, रेड हॅटच्या लिनक्समध्ये ‘किकस्टार्ट’, तर डेबियनमध्ये ‘प्रीसीड’. त्याहून पुढची सोय म्हणजे पीएक्सई. या पद्धतीत यंत्र सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड स्वतःच सर्व्हरकडे आपला पत्ता मागते आणि सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅमही तेथूनच आणते. पेन ड्राइव्ह घेऊन टेबलोटेबली हिंडावयास नको. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबविली, तेव्हापासून तर या विद्येची गरज अनेक कचेऱ्यांना पटली आहे.

मग घोडे अडते कोठे? अडते ते दुभाष्यापाशी. ऑपरेटिंग सिस्टीम बोलते ती एक प्रमाणभाषा. डिस्क, वायफाय, छपाईयंत्र हे प्रत्येक आपापल्या बोलीत बोलणार. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो नसला तर वस्तू जागच्या जागी असूनही सिस्टीमच्या लेखी ती नाहीच! २००१ च्या विंडोज एक्सपीच्या वेळी नव्या धर्तीची डिस्क असली, की सुरुवातीलाच एफ-६ कळ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी लागे. आज फ्लॉपी गेली, पण दुखणे गेलेले नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत व्हीएमडी नावाची सोय चालू असते. त्या ड्रायव्हरवाचून विंडोजच्या मांडणीला डिस्क दिसतच नाही, आणि बिचाऱ्या मालकाला वाटते, आपली डिस्कच गेली. वायफायची तऱ्हा त्याहून न्यारी. ड्रायव्हर आणावयास इंटरनेट हवे, आणि इंटरनेट मिळावयास ड्रायव्हर हवा! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असा हा मामला. डेबियनने तर यासाठी २०२२ मध्ये आपल्या सभासदांचे मतदान घेतले. त्यानुसार, खुले नसले तरी उपकरणांना लागणारे फर्मवेअर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अधिकृत मांडणीतच मिळू लागले.

अशा वेळी अंदाजाने दहा ठिकाणचे ड्रायव्हर उतरवून पाहणे हा शुद्ध वेडेपणा होय. प्रत्येक उपकरणाला गोत्र असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या तपशिलात ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. पीसीआय उपकरण असेल, तर पहिली चार अक्षरे कारखान्याची व पुढची चार त्या वस्तूची. इंटेलचा आकडा ८०८६ आहे. १९७८ साली तिने काढलेल्या प्रोसेसरचे हेच नाव. लिनक्समध्ये हीच माहिती ‘एलएसपीसीआय’ आज्ञेने मिळते. डिव्हाइस मॅनेजरमध्येच दिसणारा कोड २८ म्हणजे दुभाषी आलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलेले नाही. पहिल्यात शोधाशोध करावी, दुसऱ्यात ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहावी. मात्र एका वेळी एकच बदल. नाही तर गुण कशाने आला हे कळावयाचे नाही.

यादीचा एक स्वभाव विसरू नये: ती लिहिल्या अक्षराला जागते. ‘शून्य क्रमांकाची डिस्क पुसून टाक’ असे लिहिले, तर त्या डिस्कवर मुलांचे वर्षभराचे काम आहे की काय, हे ती विचारणार नाही. आणि एखाद्या यंत्रात दुसरी डिस्क असली, तर शून्य क्रमांक कोणाच्या वाट्यास येईल याचाही भरवसा नसतो.

याद आणि दुभाषी यांचे बिनसले म्हणजे काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल आपल्याकडील सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी यंत्रायंत्रांत आपोआप जाऊन पडली. यादीत एकवीस रकाने धरलेले, तर प्रत्यक्षात पुरविले गेले वीसच. एकविसावा पाहावयास गेलेला ड्रायव्हर कोसळला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्याने सबंध यंत्र घेऊन कोसळला. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळी पडली होती. आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. उपाय सोपाच होता: यंत्र सेफ मोडमध्ये चालू करून ती फाइल पुसावयाची. पण कोसळलेले यंत्र नेटवर्कवर यावयासच तयार नाही. तेव्हा असंख्य यंत्रांपाशी माणसालाच जावे लागले. डिस्क कुलूपबंद असेल, तर अठ्ठेचाळीस आकडी किल्लीही हाताने टिपावी लागली. एका घटकेत पसरलेली चूक निस्तरावयास कित्येक दिवस गेले.

त्यानंतर त्या कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठविण्याचे ठरविले. आमच्या स्वयंपाकघरांतून हे शहाणपण पूर्वापार आहे. शितावरून भाताची परीक्षा. चाळीस यंत्रे मांडावयाची असोत की चार, प्रत्येक जातीचे एक यंत्र आधी घ्यावे, त्यावर याद चालवून पाहावी, दुभाषी सगळे हजर आहेत ना ते मोजावे, मगच बाकीच्यांना हात लावावा. नेटवर्कचा ड्रायव्हर व जुन्या कामाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर असू द्यावी. त्यात एक दुपार जाते खरी. पण एका यंत्रावर सापडलेली चूक एका यंत्राचीच राहते.