लेमन सेट, चैत्र आणि जुना बाजार

चैत्रात घर सजवायचं तर काय करावं, याबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. दुकानात जाऊन नवीन काही आणू नये. घरातलं काचेचं कपाट उघडावं, आणि तसं कपाट नसेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारावी. तिथून मिळतील ते चार वेगवेगळे ग्लास, एखादा जग, एखादी कंगोरे असलेली वाटी आणावी, स्वच्छ धुवावी आणि जेवायच्या टेबलावर मांडावी. आणि मुख्य म्हणजे त्यातून पन्हं प्यावं.

यातल्या शेवटच्या वाक्यावर घरात बरीच नाकं मुरडली गेली आहेत. "जुन्या बाजारातलं? कुणाकुणाच्या तोंडचं असेल ते!" असं एक मत. "ठेव शोभेला, पण पिऊ नको बाई त्यातून," हे दुसरं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चैत्राबद्दल. आपल्याकडे वसंत म्हणजे काही बर्फ वितळून फुलं वर येणं नव्हे. पुण्यात मार्च उजाडला की दुपारी डांबर मऊ होतं आणि घसा कोरडा पडतो. पण त्याच दिवसांत पिंपळाला तांबूस पालवी येते, कडुनिंब मोहरतो, मोगऱ्याचे गजरे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसायला लागतात. आणि पाडवा झाला की तृतीयेपासून थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे चांगला महिनाभर, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. कैरीची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी, ओटीत भिजवलेले हरभरे. वर्षभरात एवढ्या बायका एका घरी येऊन काहीतरी गार पितात असा दुसरा महिना नाही. तेव्हा आपल्या वसंताची सजावट ही पिण्याच्या भांड्यांपासून सुरू व्हावी, हे मला तरी अगदी सरळ वाटतं.

आणि पन्हं ही बघायची गोष्ट आहे हो! गुळाचं असलं तर तपकिरी, साखरेचं असलं तर फिकट हिरवट-पिवळं, त्यात केशराच्या दोन काड्या तरंगत असलेल्या. स्टीलच्या पेल्यात यातलं काहीही दिसत नाही. स्टीलवर माझा राग नाही, तो पडतो, आपटतो, पोचे येऊन का होईना पण टिकतो. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलची भांडी घेणाऱ्या आपल्या आयांनी संसार त्याच्यावर काढले. पण एक महिना तरी पन्ह्याला उजेड दिसू द्यावा.

आमच्याकडे 'डायनिंग रूम' असं काही नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये जी जागा उरते तिला बिल्डर ते नाव देतो. तिथे एक चौघांचं टेबल आणि पूर्वेची खिडकी. सकाळी आठ ते दहा तिथे ऊन येतं, आणि सगळी गंमत त्या दोन तासांत आहे. जाड हिरव्या काचेचा ग्लास त्या उन्हात ठेवला की टेबलक्लॉथवर (आईची विरलेली सुती साडी, दुमडून) पाण्यासारखी हिरवी सावली हलते. नव्या, एकसारख्या, पातळ काचेत हे होत नाही. जुन्या काचेत मधे बुडबुडा असतो, तळ कमीजास्त जाड असतो, साच्याची रेघ बाजूने दिसते. ऊन त्यातून जाताना वाकडंतिकडं होतं, म्हणून ते सुंदर दिसतं.

बाकी मांडणीत फार काही नाही. गोटी सोड्याच्या जुन्या बाटलीत कडुनिंबाच्या मोहराची एक काडी. पसरट वाटीत पाणी आणि मोगऱ्याची फुलं, देठ काढून. कंदिलाची उंच काच मिळाली तर ती एका पितळी ताटलीत उभी करून आत छोटं निरांजन ठेवायचं, म्हणजे पंखा लावला तरी ज्योत विझत नाही (वरून काच तापते, तेव्हा लहान मुलं असतील तर नको). बहाव्याचा घोस आणायचा मोह होतो, पण दुपारपर्यंत पाकळ्या गळून डाळीत पडतात. झाडावरच बघावा.

कंदिलाच्या काचेवरून आठवलं. बाजारात हातात आलेल्या एखाद्या काचेमागे केवढा खटाटोप असेल, याची आपल्याला कल्पना नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे चांगली काच बाहेरूनच यायची. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला बळ दिलं, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काच कारखाना निघाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. 1916 मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, आपला कारखाना काढला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी झालं आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. एका साध्या काचेसाठी लोकांनी पैसा पैसा जमवला होता. आज आपण ती रद्दीवाल्याला किलोवर देतो, आणि तोही कुरकुरत घेतो, कारण काचेला भाव नाही.

पण मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते वेगळंच आहे.

पुण्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत काच ही कायम 'बाहेरची' होती. सोवळ्यात काच चालत नसे, चिनी मातीचा कप चालत नसे. चहाचं तर विचारूच नका. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी गेली आणि तिथे चहा-बिस्किटं समोर आली, त्याचा केवढा गहजब झाला! नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपभर चहासाठी. त्याच टिळकांनी पुढे अठरा वर्षांच्या आत काचेच्या कारखान्यामागे उभं राहावं, हे मला फार आवडतं.

पुढे काच घरात आली, पण सगळ्यांसाठी आली नाही. काही घरांत ती खिडकीत आली. आठवतोय ना तो ग्लास? किंवा कान तुटलेला कप? मोरीच्या वरच्या कोनाड्यात, नाहीतर मागच्या दाराच्या खिडकीत पालथा ठेवलेला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. त्यांनी सगळ्या घराची भांडी घासायची, पण चहा त्यातून प्यायचा आणि तो धुऊन परत तिथेच ठेवायचा. आमच्या पेठेतल्या घरी होता तो. कुणी वाईट नव्हतं, सगळे मायेनंच बोलायचे, "दमलीस गं, आधी चहा घे," म्हणायचे. आणि चहा त्या ग्लासात ओतायचे.

आणि त्याच वेळी हॉलमधल्या शोकेसमध्ये काय होतं? लेमन सेट. लग्नात आहेर म्हणून आलेले, एक जग आणि सहा ग्लास, त्यावर संत्र्याची नाहीतर गुलाबाची चित्रं. बडोद्याच्या अलेंबिकचे 'येरा' छापाचे ग्लास. नंतर पांढरे ओपल काचेचे डिनर सेट आले, तेही वर्षातून एकदा पुसायला बाहेर निघायचे. एक ग्लास फुटला तर 'सेट मोडला' म्हणून उरलेले पाच जन्मभर आत. म्हणजे घरात एक ग्लास असा की जो कुणी दुसरं वापरायचं नाही, आणि सहा असे की जे कुणीच वापरायचे नाहीत. गंमत नाही का ही?

मग जुन्या बाजारातल्या ग्लासाला 'कुणाकुणाच्या तोंडचं' म्हणणाऱ्यांना मी काय म्हणू? हॉटेलात आपण काय पितो? ती काच काय रोज नवी असते? काच धुतली की धुतली. तिला वास राहत नाही, डाग राहत नाही, तिला काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुनी काच शोभेला मांडण्यात अर्थ नाही. आजकाल 'व्हिंटेज लूक' म्हणून नव्या काचेवर जुनी नक्षी काढून दुप्पट किमतीला विकतात, ते तर सोडूनच द्या. आणि जुन्या बाजारातून खरी जुनी काच आणून पुन्हा शोकेसमध्ये ठेवली, तर आपण फक्त तिचा तुरुंग बदलला. टेबलावर सहा जणांना सहा वेगळे ग्लास द्या. एक हिरवा, एक कंगोऱ्यांचा, एक बुटका. सेट नसण्याचा मोठा फायदा म्हणजे कुठला ग्लास कुणाचा, हे ठरलेलं नसतं. हळदीकुंकवाला आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी येतात, त्या टेबलाशी बसतात आणि हाताला येईल तो ग्लास घेतात. त्यांना तो बुटका निळा आवडतो. मलाही तोच आवडतो, त्यामुळे कधी कधी चुरस होते. :)

ज्यांना हौस म्हणून जमवायचं आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे, गैरसमज नको. दिनकर केळकरांनी चष्म्याचं दुकान चालवता चालवता अडकित्ते, दिवे, दौती असं घरगुती वापरातलं सगळं गोळा केलं नसतं, तर आज राजा केळकर संग्रहालय कुठून असतं? पण तो संग्रह लोकांना बघायला खुला आहे. आपल्या कुलूपबंद शोकेसचं तसं नसतं.

आता थोडं कामाचं, कारण उत्साहात लोक काहीही करतात. काचेवर वरून रंगवलेली चित्रं असतील, तर त्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. असे ग्लास फुलांना ठेवा, ओठाला लावू नका. (म्हणजे ती संत्र्याची चित्रं असलेले लेमन सेट फुलदाण्या म्हणून उत्तम!) फार जड, टिचकी मारल्यावर घंटेसारखा लांब नाद देणारं भांडं असलं, तर ते शिशाचं क्रिस्टल असण्याची शक्यता आहे. पन्हं आंबट असतं, आणि आंबट पदार्थ जितका वेळ राहील तितकं शिसं त्यात उतरतं. त्यात पन्हं करून रात्रभर ठेवणं तर नकोच, मी तर फुलंच ठेवते. प्यायला आपली साधी, बिनरंगाची नाहीतर आतूनच रंगीत असलेली दाबकामाची काच बरी. काठावरून बोट फिरवून टवका उडालाय का ते बाजारातच बघा. जुन्या ग्लासात उकळता चहा ओतू नका, तडकतो. पांढरा धुरकटपणा क्षारांचा असेल तर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून जातो, काचच झिजलेली असेल तर जात नाही. दुकानदार दोन्हीला "धुतलं की निघेल" म्हणतो. एकात एक अडकलेले ग्लास ओढू नका. आतल्यात गार पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात धरा, आपोआप सुटतात.

आणि आता घरच्यांसाठी. मोठ्या काकूंची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्याच्या आत घर रिकामं करायचंय. सोनं, भांडी, देव, पाट यांची वाटणी व्यवस्थित ठरली. काचेच्या कपाटाबद्दल मात्र "ते काय, भंगारवाला एकदम उचलेल" असं एका वाक्यात आटोपलं. काकू तेव्हा तिथेच बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नंतर मी पाणी द्यायला गेले तर म्हणाल्या, "अगं, एकदा त्यातून पन्हं द्यायचं राहिलंच. सेट मोडेल म्हणून ठेवले होते."

जुन्या बाजारात जे ग्लास मिळतात ते असल्याच कपाटांतून आलेले असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दुसऱ्यांच्या काकूंचे ग्लास पैसे देऊन घरी आणायचे आणि आपल्या काकूंचे किलोवर द्यायचे?

तर भंगारवाल्याला सध्या बोलावू नये. या तृतीयेला हळदीकुंकू काकूंच्याच घरी करू, त्या घरातलं शेवटचं. कपाटातलं सगळं मी आदल्या दिवशी जाऊन धुऊन ठेवते. पन्हं त्यातून द्यायचं, ज्याला जो ग्लास आवडेल तो त्यानं घरी न्यायचा, आणि मावशींनाही तसंच सांगायचं. दादा, तू गाडी आणशील तर जुने कागद आणि एक खोकं आण. फुटले तर फुटले. ती मोठी काचेची बरणी मात्र कुणी मागू नका, काकूंनी ती यंदाच्या लोणच्यासाठी स्वतःकडे ठेवली आहे.