हिमोग्लोबिन बघितलंत का?

परवा कट्ट्यावर एक स्नेही खुशीत म्हणाले, "सर, एचबीएवनसी सहा आला! आता लाडवाला हरकत नाही." मी विचारलं, "आणि हिमोग्लोबिन किती?" ते म्हणाले, "त्याचा साखरेशी काय संबंध?"

मंडळी, २०१८ पर्यंत मीही हेच विचारलं असतं.

त्या वर्षी आमच्या सौ.चा एचबीएवनसी ८.२ आला. घरच्या यंत्रावरचे आकडे ठीक होते, पण रिपोर्टपुढे घरच्या यंत्राला कोण विचारतो? गोळ्या वाढल्या. वर मीच तिला सुनावलं, "चोरून गोड खातेस!" ती काहीच बोलली नाही. पंधरवड्याने पहाटे अडीचला ती घामाने डबडबलेली, हात थरथरत, बोलणं अडखळत. साखर ५२! साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा सावरली.

नंतर एका तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "हिमोग्लोबिन बघितलंत का?" ते ८.६ निघालं. बायकांत बाराच्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतलं प्रथिन. रक्तातली साखर त्याला चिकटते आणि पेशी असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटलेलीच राहते. इराणचे डॉ. सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये मधुमेह्यांच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन दाखवून दिलं.

मास्तरकीच्या भाषेत सांगतो. मुलाच्या सदऱ्यावरचे शाईचे डाग मोजून तो किती धांदरट ते ठरवायचं, तशी ही तपासणी. पण सदरा किती दिवसांचा, हे नको का बघायला? लोह कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच रेंगाळतात, म्हणून डाग जास्त दिसतात, असं एक कारण सांगतात. उलट, पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, तर सदरा नवा कोरा! साखर जास्त असूनही रिपोर्ट छान येतो. सिकलसेलच्या आजारातही अशी फसगत होते.

अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेली साखरही मोजता येते. त्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. पण मूत्रपिंडाच्या विकारात लघवीवाटे अल्ब्युमिन फार जात असेल, तर तोही आकडा चकवतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात एचबीएवनसीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणी वाईट नाही, तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पण एका पेपरवर मी कधी कुणाला नापास केलं नाही. घरचे आकडे आणि रिपोर्ट जुळत नसतील तर डॉक्टरांना जरूर विचारा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बदलू नका.

सौ.च्या पोटात कुठे रक्तस्राव नाही ना, हे तपासून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि मधुमेहाच्या कमी झाल्या. काही महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८, एचबीएवनसी ७.१.

रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "चुकलो." ती म्हणाली, "चहा टाकते. बिनसाखरेचा."