झगमगता लेझर आणि साधे मलम: एका दुर्लक्षित आजाराचा इतिहास

१/ नवे शस्त्र आले की जुने निकामी ठरते, ही समजूत इतिहासाच्या वाचकांतही खोल रुजलेली आहे. वैद्यकाच्या इतिहासात तिची किंमत अनेकदा रुग्णांनी मोजली. योनिमुखाचा लायकेन स्क्लेरोसस हे त्याचे ठळक उदाहरण. लेझर श्रेष्ठ की स्टेरॉइड मलम, हा आजचा वाद या इतिहासाशिवाय उलगडत नाही.

२/ या आजारात योनिमुखाची त्वचा पांढुरकी व पातळ होते, असह्य खाज सुटते, भेगा पडतात. उपचार न झाल्यास त्वचेचे ओठ आक्रसून नाहीसे होऊ शकतात. साधारण पाच टक्क्यांहून कमी स्त्रियांत त्याच जागी कर्करोग उद्भवतो. आजार संसर्गजन्य नाही. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही. रजोनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो, पण लहान मुलींनाही होतो.

३/ १८८५ मध्ये प्रागच्या ब्राइस्की यांनी 'क्रॉरोसिस' हे नाव दिले. १८८७ मध्ये पॅरिसच्या आलोपो यांनी त्वचारोग म्हणून त्याचे वर्णन केले. पुढे 'ल्युकोप्लाकिया' या नावाखाली अनेक पांढरे चट्टे एकत्र कोंबले गेले. या गोंधळातून एक भय जन्मले: पांढरा चट्टा म्हणजे कर्करोगाची नांदी.

४/ भयाने सुरी हाती घेतली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चट्ट्यांसाठी अनेक स्त्रियांचे योनिमुखच कापून काढले गेले. आजार मात्र उरलेल्या त्वचेवर परतला. मांडीची निरोगी त्वचा तेथे लावली, तर त्या कलमावरही उमटला. अवयव गेला, आजार राहिला.

५/ मग संप्रेरकांची पाळी आली. टेस्टोस्टेरॉनचे मलम कित्येक वर्षे सर्रास दिले गेले. नको तेथे केस उगवणे, आवाज घोगरा होणे, हे त्याचे दुष्परिणाम. १९९४ च्या एका तुलनात्मक चाचणीत ते साध्या पेट्रोलियम जेलीहून सरस ठरले नाही. आधी प्रथा, मग पुरावा: हा उलटा क्रम येथे दुसऱ्यांदा दिसतो.

६/ स्टेरॉइडची वाट निराळी. कॉर्टिझोनशी निगडित संशोधनाला १९५० चे नोबेल मिळाले. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवले. १९९१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचे या आजारातील अनुभव प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये ७९ स्त्रियांच्या चाचणीत ते टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन आणि औषधविरहित क्रीम या तिन्हींहून सरस ठरले.

७/ २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ५०७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड मलम नियमित लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही योनिमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. अनियमित लावणाऱ्या १५० जणींपैकी ७ जणींना ती किंवा कर्करोग आढळला. हा अभ्यास यादृच्छिक चाचणी नव्हे, हे मान्य. तरीही लेझरच्या बाजूने या तोडीचा पुरावा कोणी दाखवावा.

८/ कार्बन डायऑक्साइड लेझरचे जनक बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी तो घडवला. कारखान्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत त्याने पराक्रम गाजवला. दोष यंत्राचा नाही. यंत्राच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दाव्यांचा आहे.

९/ पुरावा काय सांगतो? २०२१ च्या एका चाचणीत ३७ स्त्रियांपैकी काहींना खरे लेझर दिले, काहींना केवळ त्याचा आभास. बायोप्सीच्या निकषावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत लेझर गटाने सहा महिन्यांनंतर क्लोबेटासोलपेक्षा अधिक आराम नोंदवला. पण तेथे आपल्याला कोणता उपचार मिळतो, हे प्रत्येकीला ठाऊक होते.

१०/ यंत्राच्या झगमगाटाचा परिणाम मनावर होतो. म्हणूनच आभासी उपचाराशी तुलना अटळ ठरते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 'योनी-पुनर्यौवना'च्या नावाने लेझर विकणाऱ्यांना इशारा दिला. भाजणे, वण आणि वेदना यांचा त्यात उल्लेख होता. तो इशारा या आजारापुरता नव्हता, पण बाजार तोच आहे.

११/ 'स्टेरॉइडने त्वचा पातळ होते' हा आक्षेप निराधार नाही. गोरेपणासाठी चेहऱ्यावर चोपडलेल्या क्रीमनी भारतात पुष्कळ हानी केली. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या जागी, ठरलेल्या मात्रेत लावलेले मलम ही वेगळी गोष्ट. ते आजार मुळापासून काढत नाही. बहुतेकींना ते दीर्घकाळ लावावे लागते. ही मर्यादा लपवू नये. तिचा फायदा घेऊन अपुऱ्या पुराव्याचे महागडे उपचार विकूही नयेत.

१२/ मलमाने भागत नसेल, तर त्याच्या जोडीला लेझर उपयोगी पडेल काय, हा प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर मोठ्या, दीर्घ मुदतीच्या चाचण्यांनी द्यावे, जाहिरातींनी नव्हे. सुरी आणि टेस्टोस्टेरॉन या दोन्ही वेळी पुराव्याआधी विश्वास ठेवला गेला. तिसऱ्यांदा तीच चूक झाली, तर अज्ञानाची सबब चालणार नाही.