ठिबकणारा शॉवर आणि आपण



गेल्या महिन्यात आमच्या गडबच्या घरी न्हाणीघरातला शॉवर ठिबकू लागला. कितीही घट्ट बंद केला तरी थेंब चालूच. प्लंबरचं "उद्या येतो" आठ दिवस चाललं. सासूबाईंनी खाली बादली ठेवली, ती सकाळपर्यंत अर्धी भरलेली असायची. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला ८६,४०० थेंब होतात.

आपण पाणी गाळून घेतो, जिवाणी जपतो, अप्कायाची विराधना नको म्हणून आंघोळीलाही मोजकं पाणी घेतो. मग हे ठिबकणं आपल्याला का चालतं? पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं आणि याच तालुक्यातल्या खारेपाटात बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी "पुरुषांचं काम" म्हणून नळ ठिबकत ठेवणं मला पटत नाही. हे काम आपल्याला यायलाच हवं.

मिक्सरच्या दांड्याखाली कार्ट्रिज असतं. त्यातल्या चकत्या झिजल्या की पाणी ठिबकतं. ते बदलणं अवघड नाही. अडतं ते जुनं बाहेर काढताना, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार त्याला आतून धरून ठेवतात.

आधी गिझर बंद करून थंड होऊ द्या. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी बादलीत घ्या. स्क्रू पडू नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडकं टाका. दांड्यावरची लाल-निळी टिकली काढली की खाली स्क्रू दिसतो. दांडा आणि वरची टोपी काढून आतला पितळी नट पान्याने डावीकडे फिरवा.

आता कार्ट्रिज निघालं नाही तर जोर लावू नका. तुटलं तर तुकडे आत अडकतात. एक वाटी कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवा. व्हिनेगर आपल्या बऱ्याच घरांत नसतो, लिंबूफूल वाण्याकडे मिळतं. त्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. मग पकडीने कार्ट्रिजची दांडी धरून जराशी डावी-उजवीकडे हलवा आणि सरळ बाहेर ओढा. नाही आलं तर पुन्हा भिजवा. माझं तिसऱ्या खेपेला निघालं.

जुनं कार्ट्रिज दुकानात घेऊन जा. ३५ आणि ४० मिलिमीटर ही मापं जास्त चालतात, पण खालची भोकं आणि खुंट्याही जुळायला हव्यात. नवं बसवण्याआधी आतली जागा पुसून घ्या. रबरी रिंगला खाण्याचं तेल लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

एक मर्यादा मात्र पाळा. नट फिरवताना भिंतीतला मिक्सरच हलू लागला तर तिथेच थांबा. आतला पाइप तुटला तर भिंत फोडावी लागेल. तेव्हा प्लंबरच हवा, आणि तो येईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवा.

माझा अख्खा दुपारचा वेळ गेला, हात काळे झाले. पण त्या रात्री सासूबाईंनी बादली उचलून ठेवली. तुमच्या घरी कुठला नळ ठिबकतोय? आज जरा पाहून घ्या.