तेरा, सहा आणि बावन्न

"तेराचे सहाच भाग? फसवणूक आहे ही!" भाचा तावातावाने सांगत होता. विषय 'द लेजेंड ऑफ हनुमान'चा. 2021 च्या पहिल्या दोन्ही सीझनना तेरा-तेरा भाग, 2024 च्या तिसऱ्याला सहा. 'डीमन स्लेयर'चा शेवट सीझनऐवजी तीन सिनेमांत, पहिला 2025 मध्ये आला, त्यावरही साहेबांचं तोंड वाकडंच.

अरे, पण या आकड्यात एवढं पवित्र काय आहे? आमच्या लहानपणी दूरदर्शनवर लागणारं 'जंगल बुक' मूळ जपानी, 52 भागांचं. 52 म्हणजे वर्षाचे आठवडे. भागिले चार केलं की 13, म्हणजे टीव्हीची एक तिमाही. कॅलेंडरचा हिशोब आहे हो हा, कथेचा नाही! ओटीटीवर ते कॅलेंडरच उरलं नाही, मग तेराचा हट्ट कशाला?

ओरडायचंच तर भाषेवरून ओरडा ना. हनुमान मराठीतही आला होता. भाचेबुवांनी पाहिला हिंदीत. आणि खरं सांगायचं तर मीही. माझ्या धंद्यात एवढं शिकलोय, की सर्व्हरला आपली ओरड कळत नाही; कुठला ट्रॅक लावला ते कळतं. उद्या मराठी डबिंग बंद झालं तर बोट कुणाकडे दाखवणार?

त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी 1915 च्या सुमारास आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून पडद्यावर नाचवल्या. त्यांच्या नाशकात आपण नुसते भाग मोजत बसायचं?

आज रात्री पहिला सीझन पुन्हा. मराठीत. भाचा येतोय, कुरकुरत का होईना.